टेसाचं जावळ

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत गिरिजा दहा वर्षं एकाच मशीनवर उभी होती. ओली चादर दोन कोपऱ्यांनी धरायची, झटका द्यायचा, काठ सरळ करायचा आणि तापलेल्या रोलरखाली सोडायची. एका चादरीला दोन बायका लागतात. दोघींचे हात एकाच क्षणी सुटले नाहीत तर चादर तिरकी जाते आणि मशीन थांबवावं लागतं. गिरिजाच्या बाजूने मशीन थांबल्याचं कोणाला आठवत नव्हतं. फाटकी चादर हाताला लागली की ती बाजूला काढायची, मागे कितीही ढीग असो. जोडीदारीण म्हणाली, जाऊ दे ग, खालच्या बाजूला जाईल, कोणाला दिसतंय, तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. झोपणाऱ्याला टोचेल.

ती मूळची कराडची. नवरा पद्माकर अंबरनाथचा, मशीन फिटर. पंचाण्णव साली दोघं सिडनीला आले, वेस्टमीडला स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर घर घेतलं. मूल झालं नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात गेलं. पुढे डॉक्टरही बोलायचे थांबले. चाळिशी आली तेव्हा घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या.

त्या खोल्या विद्यार्थ्यांनी भरल्या. दोन हजार सहा-सातची गोष्ट. वेस्टमीड, हॅरिस पार्क, पॅरामॅटा, जिकडे बघावं तिकडे पाठीवर सॅक आणि हातात रोटीचं पीठ घेतलेली आपली मुलं. कोणी कुकरी शिकत होता, कोणी अकाउंटिंग, आणि सगळे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, कधी होईल तेवढंच बोलत. गिरिजाकडे तिघं होते. त्यातला प्रज्ञेश सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. पीआरच्या यादीत हेअरड्रेसिंगला वजन होतं म्हणून तो ते शिकत होता. खोलीत प्लास्टिकचं डोकं ठेवून त्याच्यावर तासन् तास कात्री चालवायचा. सांगलीला घरी मात्र त्याने 'डिझाइन'चा कोर्स म्हणून सांगितलं होतं. पद्माकर त्याला चिडवायचा, "काय बीई, आज किती भादरले?" प्रज्ञेश म्हणायचा, "काका, तुम्ही मशीन उघडता, मी डोकं. टॉर्क तेवढा कमी लागतो."

डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये गिरिजाने एका संस्थेचं पत्रक उचललं. आईबापांकडून काढून घ्यावी लागलेली मुलं सांभाळायला घरं हवी होती. ते पत्रक तिने दोन महिने पर्समध्ये ठेवलं. मग पद्माकरला दाखवलं. शनिवारी क्लास झाले, घराची तपासणी झाली, औषधाच्या कपाटाला कुलूप लागलं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा पोलीस दाखला हवा होता. व्हिसाच्या आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेपेक्षा जास्त काम करणारे दोघं विद्यार्थी तो कागद बघूनच दुसरीकडे गेले. प्रज्ञेशने सही केली आणि राहिला.

मंडळाच्या हळदीकुंकवाला नीलिमा नावाची एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "दुसऱ्याचं पोर गं, आज आहे, उद्या घेऊन जातील. त्यापेक्षा मांजर पाळ." गिरिजाने तिला वाण दिलं आणि पुढच्या बाईकडे वळली.

टेसा आली तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला घेऊन आलेल्या केसवर्करचं नाव हेदर. उंच बाई, थकलेली, पण एकदा दिलेला शब्द पाळणारी. तिने सांगितलं, थोड्या आठवड्यांपुरतं आहे. मुलीच्या आईचं नाव केली, वीस वर्षांची, नशेत अडकलेली. तीन दिवस पोर एकटी घरात रडताना शेजाऱ्यांनी ऐकली होती. मुलीच्या डोक्यावर तांबडी लव होती आणि मांड्यांवर पुरळ. गिरिजाने तिला कोमट पाण्याने पुसलं. मुलगी रडली नाही. रडून काही होतं हे ती विसरली होती. ते पुन्हा शिकायला तिला सहा आठवडे लागले, आणि ती पहिल्यांदा भोकाड पसरून रडली तेव्हा गिरिजाने हेदरला फोन करून ते आनंदाने सांगितलं.

थोड्या आठवड्यांचं वर्ष झालं, मग दोन. टेसा वरणभात खायची, 'आई पाणी' म्हणायची, पद्माकरच्या बुटांत पाय घालून अंगणात फिरायची. तो तिला टेसूबाई म्हणायचा. तिचे केस वाढले, तांबडे, कुरळे, मानेखाली उतरलेले. स्टेशनवर लोक एकदा मुलीकडे बघत, एकदा गिरिजाकडे. गिरिजाला त्याची सवय झाली होती.

एकाआड एक गुरुवारी पॅरामॅटाला संस्थेच्या ऑफिसात केलीची भेट असायची. एक तास, गालिच्यावर खेळणी, कोपऱ्यात हेदर. गिरिजा मुलगी सोडून बाहेर बसायची. केली कधी यायची, कधी नाही. आली की तिला काय खेळायचं ते सुचायचं नाही. ती पर्समधून ब्रश काढायची, मुलीला पुढ्यात बसवायची आणि तासभर केस विंचरत राहायची. शेवटी दोन वेण्या. वेण्या सैल असत. घरी आल्यावर गिरिजा त्या सोडायची, तेल लावायची आणि आपल्या पद्धतीने घट्ट बांधायची. तिला एक दिवसही असं वाटलं नाही की राहू द्याव्यात.

दोन हजार आठच्या शेवटी हेदर स्वयंपाकघरात बसून बोलली. आठ भेटींपैकी केलीने पाच चुकवल्या होत्या. मुलीला कायमचं घर मिळायला हवं, ते मुलीच्या हिताचं. केली परत उभी राहील असं दिसत नव्हतं. असंच चाललं तर सहा महिन्यांत दत्तकाचा अर्ज करता येईल. तुमची तयारी आहे का? पद्माकरने मान हलवली. गिरिजा चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावर आला तरी ती ओतत राहिली. पद्माकरने तिच्या हातातून भांडं काढून घेतलं.

त्यानंतर तिने मुलीकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. इतके दिवस ती सांभाळत होती. आता तिला ती हवी होती. ती टेसाचे झोपेतले श्वास मोजायची. शाळांची नावं बघायची. शाळेसाठी कॅसल हिलकडे घर घ्यावं का, असं पद्माकरला विचारायची.

कराडहून आई फोनवर एकच विचारायची. "जावळ काढलंस का? तिसरं चालू आहे ना? सरत आलं की. जन्माचे केस ठेवू नयेत बाई. स्वतःची म्हणतेस आणि एवढं करत नाहीस?"

शेवटचं वाक्य गिरिजाच्या मनात रुतून बसलं.

फ्रिजवर संस्थेचा एक कागद लावलेला होता. कोणत्या गोष्टी स्वतः ठरवायच्या, कोणत्या आईला विचारून, कोणत्या ऑफिसला. खाणं, झोप, कपडे आपल्याकडे. परदेश प्रवास ऑफिसकडे. मधल्या रकान्यात 'केस कापणं' लिहिलेलं होतं, आईला विचारून. गिरिजाने ते वाचलं होतं. त्या आठवड्यात ती तीनदा त्या कागदासमोर उभी राहिली. मग तिने स्वतःची समजूत घातली. केस कापणं म्हणजे फॅशन, पार्लर. जावळ म्हणजे काही केस कापणं नव्हे. तो संस्कार आहे. कान टोचायचे असते तर विचारलं असतं. ज्या आईला मुलीचा वाढदिवस लक्षात राहत नाही, तिला जावळ काय समजावून सांगायचं?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी जावळ झालं. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या फिरत्या दांडीखाली पाट मांडला. टेसाला नवा फ्रॉक, कपाळाला कुंकू. मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, पण गिरिजाचा भाऊ कराडला. प्रज्ञेश म्हणाला, "मामा मीच, न्हावीही मीच. पण मग दोन मान द्यावे लागतील काकू." गिरिजा म्हणाली, मामा आहेस तर काकू कसली म्हणतोस. तेव्हापासून तो तिला ताई म्हणू लागला. पद्माकरने मांडी घालून टेसाला तीवर घेतलं. प्रज्ञेशने केस कापायच्या मशीनला तेल दिलं, हात थरथरू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवला आणि पहिली बट उचलली. मग थांबला.

"ताई, त्यांना विचारलंय ना?"

"त्यांना काय कळतंय जावळातलं," गिरिजा म्हणाली. "चालव."

काम त्याने नीट केलं. कुठे ओरखडा नाही, मुलगी रडली नाही, मशीनचा आवाज ऐकून हसत होती. केस जमिनीवर पडू नयेत म्हणून गिरिजाने ओंजळीत कणकेचा गोळा धरला होता. एक एक बट त्यात चिकटवत गेली. दुपारी तिघं मुलीला घेऊन पॅरामॅटाला नदीवर गेले आणि तो गोळा पाण्यात सोडला. टेसाने हात हलवून त्याला बाय केलं. संध्याकाळी गिरिजाने आईला फोन लावला आणि पहिल्यांदाच म्हणाली, "माझ्या मुलीचं जावळ झालं."

गुरुवारी केली येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ती आली, वेळेच्या आधी आली. धुतलेला शर्ट घालून आली होती. हातात ब्रश होता आणि कागदी पिशवीत दोन हिरव्या रिबिनी.

गिरिजाने मुलीची टोपी काढली. काढतानाच तिला कळलं. आपण काय केलं, हे तिला त्या खोलीत, त्या ब्रशसमोर कळलं, त्याआधी नाही.

केली ओरडली नाही. तिने गुडघे टेकून मुलीच्या डोक्यावर तळवा ठेवला. आधी तिला वाटलं, आजारी आहे. हेदरकडे बघत तिने विचारलं, हिला काय झालंय, मला का नाही सांगितलं? गिरिजाने आपल्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. आमच्यात पहिले केस काढतात, बाळासाठी चांगलं असतं, प्रेमानेच केलं. केलीने ते सगळं ऐकून घेतलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग केस द्या माझे."

गिरिजाच्या हातात मुलीची टोपी तशीच होती.

"पहिले केस आई ठेवते," केली म्हणाली. "माझ्या आईने माझे ठेवले होते, पाकिटात. ती गेली तेव्हा तेवढंच मिळालं मला. द्या. घरी असतील ना?"

"नदीत सोडले," गिरिजा म्हणाली.

ज्या केसांना गिरिजा अशुद्ध म्हणून घराबाहेर काढून आली होती, ते केलीला जपून ठेवायचे होते. दोन्ही आयांना आपलंच बरोबर हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण हक्क एकीचाच होता, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस गिरिजाने झोप अशी घेतलीच नाही. चौकशी झाली. हेदरने कागदावर सगळं लिहिलं, काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. प्रज्ञेशलाही बोलावलं. तो म्हणाला, मशीन मी चालवलं, जबाबदारी माझी. गिरिजा म्हणाली, नाही, सांगणारी मी. मुलीला तुमच्याकडून हलवणं तिच्यासाठी जास्त वाईट, असा निकाल झाला. ताकीद देऊन प्रकरण मिटलं. गिरिजाला वाटलं, वाचलो.

पण केली बदलली. पुढच्या भेटीला आली. त्याच्या पुढच्याही. नशा सोडवायच्या केंद्रात तिने नाव घातलं, चार महिने तिथे राहिली, तिथून बस आणि दोन ट्रेन बदलून भेटीला यायची. मुलीच्या डोक्यावर अर्धा इंच केस होते तेव्हासुद्धा पर्समधून ब्रश काढायची आणि हळूच फिरवायची. बाहेर आली की गिरिजाकडे बघून मान हलवायची. राग दाखवायला तिच्याकडे वेळच नव्हता. ती कामाला लागली होती. कष्ट कशाला म्हणतात ते गिरिजाला कळत होतं, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच.

मूल सांभाळणाऱ्याने रोज वहीत लिहायचं असतं. काय खाल्लं, कशी झोपली, भेटीनंतर कशी वागली. आधीची दोन वर्षं गिरिजाने एकही दिवस चुकवला नव्हता. भेटीनंतर रात्रभर रडली. भेटीनंतर पद्माकरला चावली. भेटीनंतर दोन दिवस अंथरूण ओलं. त्या नोंदींवरच दत्तकाची बाजू उभी होती. दोन हजार नऊच्या जुलैपासून मात्र गुरुवारची पानं कोरी राहू लागली. खोटं तिने काही लिहिलं नाही. लिहिलंच नाही.

ऑक्टोबरात कोर्टाने नेमलेली एक वयस्कर बाई घरी आली. मुलीचं हित कशात आहे ते बघून अहवाल द्यायचा होता. तिने खोली बघितली, पुस्तकं बघितली, टेसाबरोबर अंगणात बसली. पद्माकरने आदल्या दिवशीच गिरिजाला समजावलं होतं. विचारेल तेवढंच सांग. मुलगी आपल्याकडे तीन वर्षं आहे, आपल्याला आई म्हणते, हे सगळं खरंच आहे. जास्त बोलू नकोस.

बाईने वही चाळली. कोऱ्या पानांवर तिचा हात थांबला. तिने विचारलं, या गुरुवारांचं काय?

पद्माकर म्हणाला, कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. बाईने ते मान्य केलं असतं. तिने पान उलटलंही होतं. टेसा बाहेर मातीत चमच्याने खड्डा खणत होती. गिरिजाने तिच्याकडे बघितलं.

"राहून नाही गेलं," ती म्हणाली. "मी लिहिलं नाही. आता भेटीनंतर ती रडत नाही. शांत झोपते. बुधवारीच शूज दाराशी आणून ठेवते. केलीला ती मम म्हणते. मम येणार, मम येणार करते. ती गुरुवारची वाट बघते."

बाईने विचारलं, आणि तुम्हाला काय वाटतं?

"मला ती पाहिजे," गिरिजा म्हणाली. "पण तुम्ही ते विचारायला आलेला नाहीत."

बाई गेल्यावर पद्माकरने वही मिटून ठेवली. मग म्हणाला, "एवढं सांगायची गरज होती?" तो जाऊन टेसाचा खड्डा बुजवू लागला, आणि तो बुजवू नको म्हणून तिने त्याला फटका मारला.

मुलगी आईकडे परत देण्याचा हुकूम झाला. आठ आठवड्यांत हळूहळू. आधी दिवसभर, मग एक रात्र, मग दोन. नीलिमा देवळात भेटली, मी म्हटलं नव्हतं का, एवढंच म्हणाली. प्रज्ञेशचं सांत्वन वेगळं होतं. त्याला सलूनमध्ये नोकरी लागली होती, पीआरचे नियम मात्र बदलायला लागले होते. तो म्हणाला, "ताई, आपण दोघंही अर्जावरच जगतोय."

त्या आठ आठवड्यांत गिरिजाने केलीला शिकवलं. लॉन्ड्रीत नवी बाई आली की शिकवायची तसं, आधी करून दाखवायचं, मग हातात द्यायचं, चुकलं की पुन्हा. वरण किती पातळ. ताप आला की कोणतं औषध, किती. झोपताना पाठीवर थोपटायचं, पण मधूनच थांबायचं नाही, वेग कमी करत आणायचा. केली सगळं फोनमध्ये टाइप करून घ्यायची. एकदा तिने केस बांधायला शिकव म्हटलं. गिरिजा म्हणाली, ते तुझं तू कर. तुझ्या पद्धतीने.

शेवटचा दिवस जानेवारीतला, तिकडच्या भर उन्हाळ्यातला. उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. केलीने मावशीची जुनी गाडी आणली होती. सामान चार पिशव्या. हेदरने कागदांवर सह्या घेतल्या. पद्माकरने टेसाला उचललं, गाडीपर्यंत नेलं, खाली ठेवलं आणि घरात निघून गेला. गिरिजाने मुलीला सीटवर बसवलं, पट्टा लावला, दोन बोटं घालून ताण बघितला, आणि पुन्हा एकदा बघितला.

टेसाने शेजारच्या जागेवरची आपली पिशवी ओढून पायाशी ढकलली. जागा मोकळी केली.

"आई, इथे बस."

आठ आठवडे सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, तू ममकडे राहायला जाणार. चित्रं काढून सांगितलं होतं. आई येणार नाही, एवढं एक वाक्य सांगायचं सगळ्यांकडून राहून गेलं होतं.

"मला शिफ्ट आहे," गिरिजा म्हणाली.

टेसाला शिफ्ट माहीत होती. आई शिफ्टला जाते आणि अडीच वाजता परत येते. तिने मान डोलावली.

"मग शिफ्ट झाली की ये."

गिरिजाने पट्ट्याचा ताण तिसऱ्यांदा बघितला. दार लावलं. केलीने खिडकीतून विचारलं, काय म्हणाली ती? गिरिजाने इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. केलीचे हात स्टीअरिंगवर होते. ती समोर बघतच म्हणाली, बघूया, आणि तिने गाडी सुरू केली.

त्या दिवशी गिरिजाची शिफ्ट नव्हती. तिने रजा टाकली होती. घरात जाऊन तिने युनिफॉर्म चढवला, केस जाळीत घातले आणि लॉन्ड्रीत गेली. सुपरवायझर म्हणाला, तू तर सुट्टीवर आहेस. ती म्हणाली, मशीनवर जागा असेल तर उभी राहते. जागा होती. अडीचपर्यंत तिने चादरी लावल्या. एकही तिरकी गेली नाही. अडीचला कार्ड लावून बाहेर आली, फाटकाशी थांबली आणि कोणत्या बाजूला चालायचं ते न कळल्यासारखी रस्त्याकडे बघत राहिली.